डॉक्टर म्हणतात घरी न्या, घरचे म्हणतात राहू द्या

पत्र : "माझे सासरे ७६ वर्षांचे. बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदललाय. सर्जन गुरुवारीच म्हणाले की आता घरी नेऊ शकता. आज बुधवार, आम्ही अजून हॉस्पिटलमध्येच. नवरा म्हणतो बाबा स्वतःच्या पायाने चालायला लागले की नेऊ. नणंद नागपूरहून फोनवर म्हणते घाई कशाला, मेडिक्लेम आहे ना. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यात त्या म्हणतात अमावस्या होऊन जाऊ दे. शनिवारी एकदा ठरलं होतं, तर इन्शुरन्सची क्वेरी आली म्हणून राहिलं. मी नोकरी करते. 'घरी नेऊया' म्हटलं की सगळे माझ्याकडे असे बघतात की मला म्हातारा माणूस नकोसा झालाय. खरं सांगायचं तर मलाही घरी कसं होणार याची भीती वाटते, पण ते बोलायची सोय नाही. हॉस्पिटल मुद्दाम ठेवून घेतंय का? – एक सून, डोंबिवली"

ताई, आधी सरळ उत्तर देते, कारण पुढे मी जरा लांबण लावणार आहे. तुम्ही चुकत नाहीये. सर्जनने गुरुवारी घरी न्या म्हटलं म्हणजे गुरुवारीच न्यायचं होतं, त्यानंतरचा प्रत्येक दिवस हा औषधोपचाराचा दिवस नाहीये, तो नुसता मुक्काम आहे. आणि हॉस्पिटल मुद्दाम ठेवून घेतंय का, तर तुमच्या पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात बाबांना थांबवणारी जी जी माणसं आहेत ती सगळी तुमच्याच घरातली आहेत. फक्त शनिवारची क्वेरी तेवढी बाहेरची.

मी बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्करचं काम केलंय. वॉर्डमध्ये राउंड झाला की सिस्टर डिस्चार्जची लिस्ट काढायच्या आणि त्यातले जे पेशंट संध्याकाळी पण त्याच बेडवर दिसायचे त्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम आमच्याकडे यायचं. कारण विचारलं की पहिल्यांदा सगळे मेडिकल कारणच सांगतात, अजून थोडा खोकला आहे, जेवण नीट जात नाही, थोडा अशक्तपणा आहे. मग चहा घेऊन बसलं की पंधरा मिनिटांनी खरं बाहेर येतं. घरी बघणारं कोणी नाही, मुलगा शुक्रवारी येणार आहे, सुनेची परीक्षा चालू आहे, दोन भावांत कोणाकडे न्यायचं ते ठरलेलं नाही. डिस्चार्ज पेपरवर सही डॉक्टर करतो पण पेशंट कधी हलणार ते घरात ठरतं, आणि घरात ते ठरलेलं नसलं की सगळे मिळून डॉक्टरच्या तोंडून "अजून दोन दिवस राहू द्या" ऐकायची वाट बघत बसतात.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात पेशंटला बिलच येत नाही, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) नाही, काउंटरवर रांग नाही, तरी तिथं गेली काही वर्षं रोज १२ हजारांच्या आसपास बेडवर अशी माणसं असतात ज्यांना डॉक्टरांनी जायला हरकत नाही असं सांगितलेलं असतं. बहुतेक म्हातारी. घरी येऊन अंघोळ घालणारी बाई मिळालेली नसते, नाहीतर नर्सिंग होममध्ये जागा नसते, म्हणून राहतात. आणि आपल्याकडे याचं सगळ्यात वाईट रूप बघायचं तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं. तिथं बरी झालेली माणसं केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षं राहिलेली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की घरचे स्वीकारत नाहीत किंवा राहायला जागा नाही एवढ्याच कारणासाठी कोणाला तिथं ठेवता येणार नाही. कायदा आहे, न्यायला येणारं माणूस कायद्याने कुठून आणणार. असो, तुमच्याकडे माणसं आहेत, फक्त ती एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं घेऊ, की बाबा स्वतःच्या पायाने चालले की नेऊ. ऐकायला अगदी समंजस वाटतं. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस वॉकरशिवाय चालायला कित्येक आठवडे जातात, काहींना काही महिने, आणि काहींच्या हातात काठी कायमची राहते. तेवढे दिवस कुठलंही हॉस्पिटल ठेवत नाही. सर्जन घरी न्या म्हणतो तेव्हा तो बघतो की दुखणं गोळ्यांवर आटोक्यात आहे, जखम कोरडी आहे, ताप नाही, बेडवरून उठून वॉकर धरून टॉयलेटपर्यंत कोणाच्या आधाराने जाता येतंय. बस. बाकीचं चालणं घरीच शिकायचं असतं, टाके पण साधारण बारा-चौदा दिवसांनी ओपीडीत जाऊन काढतात, त्यासाठी ॲडमिट राहावं लागत नाही.

आणि उलट, राहिल्याने चालणं लांबतं हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे. हॉस्पिटलमध्ये माणूस झोपून राहतो, कारण तिथं बेड सोडून दुसरी बसायची जागाच नसते, जेवण बेडवर, पाहुणे बेडशेजारी, टीव्ही बेडसमोर. २००७ साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, धडधाकट म्हाताऱ्या माणसांना १० दिवस नुसतं बेडवर ठेवलं तर पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. ही आजारी नसलेली माणसं बरं का, बाबांचं तर हाड मोडलंय. त्यात युरिन कॅथेटर अजून असेल (असेल तर उद्या सकाळी पहिलं तेच विचारा की का आहे) तर लघवीचं इन्फेक्शन, पाठीला बेडसोअर, पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ. आणि एक गोष्ट घरच्यांना फार घाबरवते ती म्हणजे संध्याकाळ झाली की म्हातारी माणसं गोंधळतात, मला इथं कोणी आणलं, माझी चप्पल कुठाय, गेलेल्या भावाला हाका मारतात. घरचे म्हणतात बघा अजून बरे नाहीत, ठेवा. अहो पण बरेचदा त्या गोंधळात त्या परक्या खोलीचा, रात्रभर चालू असलेल्या लाइटचा आणि तुटक झोपेचाच मोठा वाटा असतो. अचानक सुरू झालं असेल तर डॉक्टरांना सांगायचं, सोडियम वगैरे बघतात, पण ते सगळं नॉर्मल आलं तर आपली खोली, आपली खाट आणि ओळखीचे चेहरे यांचाच उपयोग जास्त होतो.

नणंदबाईंचा मुद्दा मेडिक्लेमचा. यात त्यांची मोठी गैरसमजूत आहे आणि ती महागात पडू शकते. आपल्याकडच्या हेल्थ पॉलिसींमध्ये जी ठरावीक एक्सक्लूजनं, म्हणजे ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा गोष्टी, असतात त्यातलं पाचव्या नंबरचं काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर असं लिहिलेलं असतं. म्हणजे नुसती विश्रांती, किंवा घरी करायला कोणी नाही म्हणून ठेवलंय, याचे पैसे कंपनी देत नाही. केस पेपरवर गुरुवारी सर्जनने "डिस्चार्जसाठी फिट" असं लिहिलं असेल तर नंतरचे दिवस कंपनी कापू शकते आणि ते बिल तुमच्या खिशातून जाईल. बरं पॅकेजमध्ये ऑपरेशन झालं असेल, म्हणजे सरकारी विमा कंपन्यांचं किंवा महात्मा फुले योजनेचं ठरलेलं पॅकेज, तर जास्तीच्या दिवसांत हॉस्पिटललाही काही मिळत नाही. आणि पॉलिसी फ्लोटर असेल तर एकच रक्कम सगळ्या घरात वाटलेली असते, वर्षात अजून कोणाला लागलं तर? मेडिक्लेम आहे म्हणजे फुकट आहे असं धरून चालणारी माणसं मी फार पाहिली, शेवटच्या दिवशी काउंटरवर त्यांचा आवाज सगळ्यात मोठा असतो.

त्याच पॉलिसीत बघा, डिस्चार्जनंतरचा खर्च पण बहुतेक ठिकाणी मिळतो, कमीत कमी ६० दिवस, काहींत जास्त. औषधं, ड्रेसिंग, एक्स-रे, फॉलोअपची फी. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं मिळतं की नाही ते पॉलिसीनुसार, पण डॉक्टरने डिस्चार्ज कार्डवर फिजिओ लिहिलेलंच नसेल तर कुठेच मिळणार नाही, म्हणून ते लिहून घ्या आणि प्रत्येक पावती ठेवा.

शनिवारच्या क्वेरीबद्दल. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये सांगितलंय की हॉस्पिटलकडून डिस्चार्जची रिक्वेस्ट आल्यापासून ३ तासांत कंपनीने फायनल मंजुरी द्यायची आणि त्याच्या पुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने पूर्ण कागद पाठवल्यावर, आणि घोळ तिथंच असतो, डॉक्टर सकाळी दहाला "जा घरी" म्हणून जातो, डिस्चार्ज समरी टाइप व्हायला दुपार होते, फार्मसीचा रिटर्न अडकतो, मग संध्याकाळी पाचला फाइल जाते आणि सातला क्वेरी येते तेव्हा टीपीए डेस्कवरचा मुलगा घरी गेलेला असतो. पडून हाड मोडलेल्या केसमध्ये ठरलेल्या क्वेरी असतात, त्या आधीच तयार ठेवा: कसे पडले याचं लेखी निवेदन, एमएलसी (अपघाताची पोलिसांना कळवायची नोंद) केली असेल तर तिची कॉपी आणि नसेल तर का नाही ते, पहिल्यांदा ज्या डॉक्टरला दाखवलं त्याचा कागद, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, बसवलेल्या बॉलचं स्टिकर आणि त्याचं इनव्हॉइस, बीपी-शुगर कधीपासून आहे ते. आज दुपारी टीपीए डेस्कवर जाऊन एकच विचारा, शनिवारच्या क्वेरीला उत्तर गेलं का आणि किती वाजता गेलं. चार दिवसांत कोणी हे विचारलंच नाही असं निघालं तर मला नवल वाटणार नाही. उत्तर जाऊनही कंपनी गप्प असेल तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार.

हॉस्पिटलं कधीच लांबवत नाहीत असं मी म्हणणार नाही. लांबवतात. रविवारी कन्सल्टंट येत नाही म्हणून सोमवार होतो, एखादा रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणतात जो फोनवरही कळला असता, आणि काही ठिकाणी बेड रिकामा असेल तर कोणाला घाई नसते. ओळखायचं कसं, तर रोज राउंडला एक प्रश्न विचारायचा: "डॉक्टर, आज इथं राहून यांना असं काय मिळणार आहे जे घरी मिळणार नाही?" शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे, ऑक्सिजन आहे, ड्रेन काढायची आहे, असं ठोस उत्तर आलं तर राहायचं. "ऑब्झर्व्हेशन" एवढंच उत्तर आलं तर कशाचं आणि किती वाजेपर्यंत ते विचारायचं. आणि बिलावरून वाद झाला म्हणून पेशंटला अडवून ठेवता येत नाही, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत ते आहे आणि मुंबई हायकोर्टानेही अशा अडवून ठेवण्याला बेकायदेशीर म्हटलंय. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार हक्कांची सनद हॉस्पिटलमध्ये लावलेली असावी लागते, तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. फक्त एक करा, रागाच्या भरात "आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो" अशा कागदावर सही करू नका. डॉक्टरने फिट म्हटलंय तर तो साधा डिस्चार्ज आहे, त्याला डामा (डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध नेलं असा शिक्का) कशाला लावून घ्यायचा, उगाच क्लेममध्ये शंका.

आता मूळ गोष्ट, घर. तुमच्या मिस्टरांना चालण्याची काळजी नाहीये, त्यांना पहिल्या रात्रीची भीती आहे. रात्री दोनला बाबांना लघवीला न्यायचंय आणि ते पडले तर? तुम्हालाही तीच भीती आहे, तुम्ही शेवटी लिहिलीत. दोघं एकाच गोष्टीला घाबरताय, त्यांना त्यासाठी "चालू देत" हा शब्द मिळाला आणि तुम्हाला काहीच मिळाला नाही. सून असल्यामुळे तुम्ही "मला जमणार नाही" म्हटलंत तर वाईट आणि "घरी आणूया" म्हटलंत तरी वाईट, हे मला कळतंय. म्हणून हे बोलणं तुम्ही एकट्याने स्वयंपाकघरात करू नका. डॉक्टरांची दहा मिनिटं मागून घ्या, मिस्टर समोर आणि नणंदबाई व्हिडिओ कॉलवर, आणि वरचा प्रश्न मिस्टरांना विचारू द्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की विषय "सुनेला नको" वरून "कसं करायचं" वर येतो.

आणि त्याच कॉलवर कामं वाटून घ्या, नावासकट. दिवसा ब्युरोचा (घरी मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीचा) माणूस, बाबांना पुरुष मदतनीस असेल तर संकोच कमी होतो आणि उचलायलाही जमतं. रात्री मिस्टर, निदान पहिले पंधरा दिवस, त्याच खोलीत. शी-शू, अंघोळ हे मुलाने करायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. नणंदबाईंना नागपूरहून येता येत नसेल तर ब्युरोचे पैसे त्या देऊ शकतात, किंवा दुसऱ्या आठवड्यात येऊन राहू शकतात म्हणजे तुम्हाला ऑफिसला जाता येईल. सासूबाईंनी फक्त शेजारी बसायचं, उचलायला अजिबात जायचं नाही, नाहीतर शेजारच्या बेडवर त्या. ब्युरोशी बोलताना सुट्टीच्या दिवशी बदली माणूस देणार का आणि जेवण कोणाचं हे आधीच ठरवा, भांडणं तिथंच होतात.

तिसरा मजला. रोज चढ-उतार करायची नाहीये, एकदा चढवायचंय आणि मग टाके काढायला एकदा उतरवायचंय. ॲम्ब्युलन्सवाल्याला बुक करतानाच सांगा की लिफ्ट नाही, खुर्चीवरून वर न्यायला दोन माणसं जास्तीची लागतील, ते त्याचे पैसे घेतात पण त्यांना वळणावर खुर्ची कशी फिरवायची ते माहीत असतं, बिल्डिंगमधल्या उत्साही मुलांपेक्षा हे बरं. सोसायटीत तळमजल्याला एखादा फ्लॅट रिकामा असेल तर महिनाभरासाठी विचारून बघायला काय हरकत आहे. टाके काढायला घरी कोणी येईल का हेही सर्जनला विचारा, ड्रेसिंगला घरी येणारे असतात.

सामान विकत घेत बसू नका. वॉकर, कमोड चेअर, उंची कमी-जास्त होणारा बेड हे सगळं भाड्याने मिळतं, आणि आपल्याकडे बऱ्याच गावांत मंडळं, ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात, डिपॉझिट ठेवून नाममात्र भाड्यात देतात, डोंबिवलीत चौकशी केलीत तर सापडेल. बॉल बदललेला असल्यामुळे खाली बसणं, पाट, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं सध्या बंद, किती दिवस ते सर्जन सांगेल. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड चेअर आल्याशिवाय घरी नेऊच नका, ही एक गोष्ट नसली तर मी पण एक दिवस थांबा म्हणेन. बाथरूममध्ये पकडायला दांडी, न घसरणारी मॅट, दारातलं पायपुसणं उचलून टाका, रात्री झिरोचा दिवा. निघण्याआधी बाबांना बेडवरून उठवायचं कसं ते फिजिओथेरपिस्टसमोर मिस्टरांना प्रत्यक्ष करायला लावा, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा पोटात द्यायचं इंजेक्शन लिहिलं असेल तर ते कोण देणार, किती दिवस, हे विचारल्याशिवाय उठू नका. आणि घरी काय झालं तर परत यायचं तेही लिहून घ्या: पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, जखमेतून पाणी, ताप, पाय अचानक आखूड किंवा वाकडा दिसणं.

अमावस्येचं काय करायचं ते सांगते. सासूबाईंशी वाद घालू नका. मुळात कमोड चेअर, ब्युरो, ॲम्ब्युलन्स हे सगळं जमायला तुम्हाला आज आणि उद्याचा दिवस लागणारच आहे, तेवढ्यात अमावस्या उलटत असेल तर त्यांचाही मान राहिला. उलटत नसेल तर त्यांना डॉक्टरांसमोर बसवा, बायको म्हणून त्यांना तेवढा हक्क आहे आणि आतापर्यंत त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलं नसेल. डॉक्टरला आजच सांगा की परवा सकाळी न्यायचंय, समरी आदल्या रात्री तयार ठेवा, उरलेली औषधं आदल्या संध्याकाळीच फार्मसीला परत करून टाका, म्हणजे फाइल सकाळी दहा-अकराला कंपनीकडे जाईल आणि ते ३ तास दिवसाउजेडी पडतील. ॲम्ब्युलन्स दुपारी तीनची सांगा, त्याच्या आधीची नको, वाट बघण्याचे पैसे लावतात.